खुणेची शाई

इस्त्री उचलली तर शर्यतीचा नंबर तिच्या तळाला चिकटून वर आला. तोही अर्धाच. उरलेला अर्धा टेबलावर गोळा होऊन पडला होता, जळक्या सालपटासारखा.

"झालं समाधान?" पोरगा ओरडला. तीस वर्षांचा घोडा, अंगात जर्सी, हातात सेफ्टी पिना. "ते कापड नव्हतं आई, प्लास्टिक होतं!"

"मला काय स्वप्न पडलं? बोळा करून खिशात कोंबून आणलास. चार लोकांत तसाच चुरगळलेला लावून जाणार होतास?"

"तुला कुणी सांगितलं होतं इस्त्री करायला?"

कुणीच नाही. म्हणून ती आणखीच भडकली. इस्त्रीच्या या दुकानात पंचवीस वर्षांत तिनं कुणाचा साधा रुमाल जाळला नव्हता. ती सुरी घेऊन इस्त्रीचा तळ खराखरा खरवडायला लागली.

सव्वाआठ झाले होते. नऊला शर्यत. चालण्याची. एक पाय कायम जमिनीला हवा, दोन्ही सुटले की पंच लाल कार्ड दाखवणार. पोरगा लागोपाठ तीन शर्यतींत बाद झाला होता. आज झाला तर संघातून नाव कापणार होते. आणि नंबर नसेल तर रेघेवर उभंच करत नाहीत.

बाकावर बँकेतले साहेब शर्टाची वाट बघत बसले होते. त्यांना मजा यायला लागली होती.

"जाऊ दे रे बदका," ते म्हणाले. कंबर हलवत चालतो म्हणून अख्खी गल्ली त्याला बदक म्हणायची. "बरंच झालं. तिशीत आलास तरी अजून चालायलाच शिकतोयस. आमचा नातू बघ, अकराव्या महिन्यात चालायला लागला."

पोरानं पिना टेबलावर टाकल्या आणि बूट सोडायला वाकला.

"लेस बांध," आई म्हणाली.

"नंबर कुठाय?"

"लेस बांध म्हणते ना! सात वर्षं पहाटे चारला दार आपटून माझी झोप मोडलीस. पायाची नखं काळी पडून गळायची तुझी, झाडताना मला सापडायची. आणि आता यांचा नातू चालला म्हणून तू बसणार?"

"अहो मावशी, मी आपलं गमतीनं..."

"बदक मी म्हणेन त्याला. तुम्ही नाही." तिनं साहेबांचा शर्ट उचलला. एक बाही कडक, दुसरी तशीच. तो त्यांच्या मांडीवर टाकला. "नातू चालता झालाय ना? दुसरी बाही त्याच्याकडून करून घ्या."

मग पोराकडे वळली. "जर्सी काढ."

"काय?"

"काढ, बदका."

तिनं जर्सी टेबलावर पसरली, आत जाड कागद सरकवला. खणातून शाईची बाटली काढली. कुणाचा कपडा कुणाच्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून ती या शाईनं खुणा करायची. कॉलरच्या आत, काडीच्या टोकानं, तिळाएवढ्या. घालणाऱ्यालाही कधी दिसल्या नव्हत्या.

आज तिनं काडी बाजूला ठेवली. चिंधी बोटाला गुंडाळून शाईत बुडवली आणि छातीवर वीतभर उंच लिहिलं, ४७. उलटी करून पाठीवरही तेवढंच. मग कापड दोन बोटांत चोळून बघितलं, इस्त्री मंद केली, वर कागद ठेवून हलकेच फिरवली. या वेळी काही चिकटलं नाही.

"पंच चालवून घेतील हे?"

"न घेऊन सांगतात कुणाला? मी येतेय."

"आणि दुकान?"

"साहेब बसलेत ना."

साहेब एका बाहीचा शर्ट धरून बसलेच होते.

पोरानं जर्सी अंगात घातली. आकडे गरम होते. तो खाली मान घालून ते बघत राहिला.

"आई, आज पण बाद झालो तर? ही शाई धुतल्यावर निघेल ना?"

"नाही निघत," ती म्हणाली, आणि इस्त्रीची पिन बोर्डातून ओढून काढली.