समोरून सरळ

विश्व कशाचं बनलं आहे, हा प्रश्न त्या दुपारी आलापल्लीच्या रश्मीवर येऊन अडला होता. नेमकं सांगायचं तर चार मायक्रॉनवर.

युरोपात जमिनीखाली कण आदळवायचं एक यंत्र आहे. कणांची वाट टिपायला त्यात सिलिकॉनच्या हजारो पातळ पट्ट्या आहेत. त्या आपापल्या जागी आहेत का, हे तपासणं रश्मीचं काम. एक पट्टी चार मायक्रॉन, म्हणजे केसाच्या विसाव्या भागाएवढी, सरकली आहे, असं तिचं म्हणणं. ऑनलाइन बैठकीतल्या इतरांना ते पटत नव्हतं.

"तुम्ही एकाच बाजूनं पाहिलंत," ती म्हणाली. "माझे वडील लाकूड डेपोत मोजणी करतात. ओंडका पलटवल्याशिवाय ते त्याला सरळ म्हणत नाहीत."

सगळे कौतुकानं हसले. तेवढ्यात भावाचा, कुलदीपचा, फोन आला. तिनं माइक बंद केला.

"ताई, बाबा सागाच्या थप्पीवरून पडले. नडगी मोडली. एक्स-रे पाठवला, पाह्य. डॉक्टर म्हणते, समोरून त सरळ दिसून राह्यलं, इथीच प्लास्टर करतो. बाजूनं काढाले फिल्म सरली. पाह्यजे असन त चंद्रपूरले न्या म्हणते. काय करू?"

स्क्रीनवर मतदान सुरू होत होतं. रश्मीनं फोटो तीन सेकंद पाहिला.

"सरळच आहे रे. बाबाले सांग, मी पाह्यलं."

खाटेवर तिच्या बापानं, देवरावनं, फिल्म मागून घेतली. सवयीनं पलटवली. मागूनही हाड सरळच होतं.

"मंग झालं," तो म्हणाला. "आपल्या रश्मीले केसाएवढा फरक दिसते. चंद्रपूर कायले?"

अडीच महिन्यांनी प्लास्टर निघालं. तोवर दवाखान्यात फिल्म आली होती. नडगी समोरून सरळ जुळली होती, बाजूनं कोयत्यासारखी. पाय इंचभर आखूड झाला होता. थप्पीवर चढणं संपलं. डेपोनं देवरावला फाटकापाशी खुर्ची दिली.

रश्मीनं सुचवलेली हिशेबातली दुरुस्ती त्याच दिवशी एकमतानं मंजूर झाली होती. पुढे यंत्रातलं चुंबक बंद केलं, तेव्हा त्याच्या ओढीनं सरकलेली ती पट्टी आपोआप जागेवर गेली.

कुलदीपनं बापाच्या डाव्या चपलेला इंचभर रबर लावून आणलं. चपला शिवणाऱ्यानं ते दोन्ही बाजूंनी मोजून लावलं होतं.