अकरा दुपट्टे

रुपराव मिस्त्रीने गाठोडं साहेबांच्या टेबलावर आपटलं, तसा कपातला चहा बशीत सांडला.

"हे काय?"

"अनुभवाचा दाखला, सायेब. अनुभव नाई म्हनून तुमच्या हापिसानं माहं ठेकेदारीचं लायसन नामंजूर केलं. हे घ्या. अकरा घरं बांधली, अकरा दुपट्टे. वास्तूच्या दिवशी घरवाले मिस्तरीच्या खांद्यावर टाकते. ठेकेदाराच्या नाई टाकत."

साहेबांनी पेनाच्या टोकाने वरचा दुपट्टा उचलला, खाली-वर पाहिला आणि सोडून दिला. सदर भागातल्या त्या कचेरीत रोज दहा-वीस अपिलं निकाली निघत. कापड घेऊन आलेला हा पहिलाच.

"यावर कोणाची सही आहे? या अकराही घरांच्या कागदांवर ठेकेदार म्हणून मनोहररावांचं नाव आहे."

"लायसन त्यायचं होतं. घरं मी बांधली."

"म्हणजे विनापरवाना बांधलीत? तो गुन्हा होतो. त्यांच्या हाताखाली मिस्त्री म्हणून बांधली असतील, तर ते तसं सांगतील. साक्षीला तुम्हीच त्यांचं नाव दिलंय."

दिलं होतं खरं. बारा वर्षं ज्याच्या नावासाठी आपण उन्हात हाडं झिजवली, तो माणूस एक वाक्य तरी खरं बोलेल, असं रुपरावला वाटलं होतं. इतका भाबडेपणा पन्नाशीच्या माणसाला शोभत नाही, पण होता. वाडीतल्या एका गोदामाचं काम त्याला मिळत होतं. अट एवढीच, की लायसन त्याच्या स्वतःच्या नावाचं हवं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कागदावर रुपरावचं नाव आलं असतं.

मनोहरराव भिंतीलगतच्या खुर्चीत बसले होते. रुपरावला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"हा माझ्याकडे मजूर होता," मनोहरराव साहेबांना म्हणाले. "गारा कालवायचा, विटा उचलून द्यायचा. माणूस चांगला आहे बिचारा."

त्या 'बिचारा'ने रुपरावच्या मस्तकात तिडीक गेली.

"भाऊ, नंदनवन वस्तीतल्या घराच्या पायव्याले मुरूम किती फुटावर लागला, तेवढं सांगा."

"नकाशात आहे तेवढ्यावर. चार."

"चार फुटावर तं काळी माती होती! पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, वरची भिंत तडकवते. साडेसात फूट खोदलं मी, तवा मुरूम लागला. तुमी तिकडं फिरकले तरी होते का? लिहा सायेब, हे लिहून घ्या!"

"आवाज खाली. साक्ष मी घेतोय."

साहेबांनी लिहिलं. 'मजूर' हा शब्द लिहिला. साडेसात फूट लिहिले नाहीत. मग खाली सही केली आणि अपील फेटाळल्याचं फाइलकडे बघतच सांगितलं.

रुपराव दुपट्टे परत बांधू लागला. गाठ बसेना. काल जिजाबाईने, त्याच्या बायकोने, एकेक दुपट्टा धुऊन, घडी घालून दिला होता. दाखला कसा स्वच्छ दिसला पाहिजे, म्हणत होती. ते आठवलं आणि हे टेबलच उलथून टाकावं असं त्याला वाटलं. पण तो गाठोडं काखेत मारून बाहेर पडला.

व्हरांड्यात मागून मनोहरराव आले. साहेबांपुढची शुद्ध भाषा त्यांनी आतच ठेवली होती.

"राग नको धरू गा, रुपराव. तू मिस्त्री होता, घरं तूच बांधली म्हटलं असतं, तं मी काय करत होतो, हे त्यानं इचारलं असतं. माहं लायसन गेलं असतं. अन् तुले कामाची कमी पडू देली का मी कधी?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सहाले ये. ऊन चढायच्या आत स्लॅब सुरू झाला पाहिजे. परमिटवर मोजून भेटलेलं सिमेंट उतरलं हाये, तीस माणसं सांगून ठेवली. तुह्याबिगर कोनाच्या भरोशावर टाकू?"

स्लॅब मनोहररावांच्या स्वतःच्या नव्या घराचा होता. सेंटरिंग रुपरावने उभं केलं होतं. सळ्या त्याने स्वतः बांधल्या होत्या.

रुपरावने तो हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. गाठोडं उंबऱ्यावर ठेवून त्याची गाठ सोडली, आतून सगळ्यात जुना, विटलेला दुपट्टा काढला आणि वास्तूच्या दिवशी टाकतात तसा दोन्ही टोकं सारखी करून मनोहररावांच्या खांद्यावर टाकला.

"स्लॅब तुमीच टाका, भाऊ. मजुराच्या हातच्या स्लॅबाखाली लेकरं झोपवू नोका."