मुठीतली जोडवी

"चक्कर आली तर भिंतीकडे पडायचं. ट्रॉलीवर नाही," अमिता सिस्टर म्हणाल्या.

नर्सिंगच्या मुली मास्कच्या आत हसल्या. श्रुतिका हसली नाही. याआधी दोनदा ती ऑपरेशन अर्ध्यावर सोडून थिएटरबाहेर पळाली होती.

"आज बाहेर गेलीस," सिस्टर तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तर पुढच्या वर्षी नव्या बॅचबरोबर ये."

टेबलावरची बाई आंबेनळीकडच्या एका वाडीवरची होती. हिरवं कापड घालण्याआधी श्रुतिकानं तिची पावलं पाहिली होती. भेगाळलेल्या टाचा, बोटांवर जोडव्यांचे पांढुरके वळ. तिच्या आईची पावलं अशीच होती. गेल्या वर्षी आई याच टेबलावर, याच ऑपरेशनमध्ये गेली.

बाईला कमरेखाली बधिर केलं होतं. पडद्याच्या अलीकडे तिचं डोकं तेवढं जागं होतं. श्रुतिका तिच्या उशाशी उभी होती.

"बाय, माजे पाय हायत ना गो?"

"हायत, मावशी."

"मंग झालं." तिनं मान दाराकडे वळवली. "भायेर माजी सेजल बसलीय. सकाळपासून उपाशी असंल. तिला सांग, जेवून घे."

श्रुतिकानं सिस्टरांकडे पाहिलं.

"झाल्यावर सांगू," सिस्टर हळूच म्हणाल्या. "सगळ्याच काहीतरी सांगतात. म्हशीला पाणी दाखवलं का, कोंबड्या झाकल्या का. निरोप पोचवत बसलो तर इथं कोण थांबणार?"

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

गेल्या वर्षी बाहेर बाकावर बसलेल्या श्रुतिकाकडे कुणी आलं नव्हतं. दार उघडलं होतं ते सगळं संपल्यावर.

डॉक्टरांनी हात पुढे केला. कुणीतरी त्यात चिमटा ठेवला. श्रुतिका वळली.

"श्रुतिका," मागून सिस्टर म्हणाल्या. तोवर दार तिच्यामागे मिटलं होतं.

बाकावरची मुलगी तिला बघताच उठली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय नाय गो," श्रुतिका म्हणाली. "बरी हाय तुझी आई. बोलतेय. तुला जेवून घे म्हणाली."

मुलगी पुन्हा बसली. शेजारी फडक्यात बांधलेला डबा होता. त्याची गाठही सुटलेली नव्हती.

"जेव ना."

"कशी जेवू?" मुलीनं उजवी मूठ पुढे केली. "आयची जोडवी हायत. परत बोटात जाईस्तोवर खाली ठेवायची नाय बोलली."

वरच्या वाड्यांवरची ही रीत श्रुतिकाला सांगावी लागली नाही. तिची स्वतःची मूठ आई गेली त्या दिवशी मामानं एकेक बोट सोडवून उघडली होती.

तिनं तळहात पसरला. "दे माझ्याकडे. हात धुऊन ये."

मुलीनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग जोडवी तिच्या हातावर ठेवली. ती गरम होती, घामानं ओली.

मुलगी हात धुऊन आली. फडक्याची गाठ सुटली, भाकरी मोडल्याचा आवाज झाला. श्रुतिकानं मान वळवली नाही. मूठ घट्ट मिटून ती बंद दाराकडे बघत बसली.