त्या दिवाळीची रजा

बाबा गेल्यापासून फोटोपुढचा दिवा आई एकटीच सांभाळत होती. तेल घालायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. तेराव्याला बाबांच्या पलटणीतले फाळके काका आले, फोटोला सॅल्यूट ठोकून तिच्याजवळ बसले.

"वहिनी, घरावर जीव टाकणारा माणूस. तरी लढाईनंतरच्या पहिल्या दिवाळीत स्वतःची मंजूर झालेली रजा त्यानं मला दिली. माझी मुलगी आजारी होती. वाचली."

त्याच दिवाळीत माझी थोरली बहीण तापानं गेली होती. साहेबानं रजा नाकारली, असं बाबांनी आईला सांगितलं होतं. त्या साहेबाला आईनं जन्मभर शिव्या दिल्या. बाबा मुकाट ऐकायचे.

दिवा फडफडू लागला. माझ्या बायकोनं तेलाची बाटली आईपुढे धरली.

"तूच घाल," म्हणत आई आत गेली.