हिचं नाटक

"सुईत औषधच नाही? मग टोचता कशाला?" इस्त्रीवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसला.

तपासणीच्या टेबलावर त्याची बायको पालथी पडली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिच्या मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरला होता.

"कोरडीच असते ही सुई, काका. स्नायू गाठ धरून बसलाय, तो सैल करायचाय."

इस्त्रीवाल्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. इस्त्री सोडून. ती बायकोच्या हातात असायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा. खांदा धरून ती जरा थांबली, की 'झालं हिचं नाटक सुरू' हे ठरलेलंच. एक्स-रे स्वच्छ आला, तेव्हा तर स्वारीनं तो दुकानात उजेडाला धरून येईल त्याला दाखवला. "बघा, हाडात काही नाही. दुखणं सगळं डोक्यात!" गिऱ्हाइकं हसली. तीही हसली होती.

पण आता कपड्यांचे ढीग वाढत चालले होते, म्हणून नाइलाजानं तो तिला इथं घेऊन आला होता. 'काही झालेलं नाही' असं बाईंच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं आणि संध्याकाळी हिला पुन्हा इस्त्रीशी उभं करायचं, एवढाच त्याचा बेत होता.

सुई आत गेली. स्नायू कातडीखाली टुणकन उडाला.

"मुद्दाम हलवला तिनं," तो लगेच म्हणाला. "मुरलेली आहे ती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे मुद्दाम करताच येत नाही. आवळलेला स्नायू सुई लागली की आपोआप उडतो. तुम्ही करून दाखवा बघू."

आणि या शहाण्यानं खरंच करून पाहिलं. भिंतीवरच्या आरशासमोर उभं राहून खांदा उचलला, मान वाकडी केली, दात-ओठ खाल्ले. काही म्हणजे काही उडालं नाही. मग तो घसा खाकरून स्टुलावर जाऊन बसला.

टेबलाकडून हुंदका ऐकू आला. बाईंनी हात थांबवला.

"जास्त टोचलं का, ताई?"

"नाही हो." बायकोनं चेहरा वर केला. तिनं नवऱ्याकडे नाही, बाईंकडे पाहिलं.

"म्हणजे बाई... मला खरंच दुखत होतं?"