अकरा खोबण्या

“पांढरे कपडे घालून आलास ते बरं केलंस,” सखीदाद म्हणाला. “वर नाही आलास तर पुन्हा बदलायला नकोत.”

रहाटाभोवती जमलेले आठ-दहा जण हसले. कारेझीच्या, म्हणजे डोंगरातले पाणी गावात आणणाऱ्या भुयारी पाटाच्या, विहिरीत उतरणाऱ्याने कफनाच्या रंगात उतरावे, ही गावाची जुनी रीत होती. तिच्यावर विनोद मात्र कोणी करत नसे. झलमय खाली मान घालून उभा राहिला. चाळीस वर्षांनी तो गावी परतला होता आणि तीन दिवस रोज सकाळपासून सखीदादच्या दारात बसून होता. समोर आलेला चहा त्याने तिन्ही दिवस शिवला नव्हता. माफीचे मागणे मान्य होईपर्यंत मागणाऱ्याने काही तोंडाला लावायचे नसते. चौथ्या दिवशी सखीदाद लंगडत बाहेर आला, निवलेला चहा त्याच्या पायाशी ओतला आणि सातव्या विहिरीवर यायला सांगून आत गेला.

सातवी विहीर चाळीस वर्षांत कोणी उपसली नव्हती. तिच्या तळाच्या गाळाने डोंगरातून येणारे पाणी अडवून धरले होते आणि खाली जर्दाळूच्या बागा वाळत चालल्या होत्या. रहाट कोणी धरायचा हे उतरणारा ठरवतो. ज्याचे नाव घेतले त्याला नाही म्हणता येत नाही. पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या म्हाताऱ्या मिराबाने विचारले, तेव्हा झलमयने सखीदादचे नाव घेतले.

“मीही एकदा तुझं नाव घेतलं होतं,” सखीदाद म्हणाला. मग इतरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने बजावले, “खाली बाबांचा दोर आहे. तो आधी वर पाठव. तुटला म्हणाला होतास ना? तुटलेलं टोक बघू दे सगळ्यांना.”

एवढ्या वर्षांत तो कुजून गेला असेल, असे मिराब पुटपुटला.

“माझ्या बापाचा दोर कुजत नाही, मिराब काका.”

चाळीस वर्षांपूर्वी दोघेही तेरा वर्षांचे होते. सखीदाद याच विहिरीच्या तळाशी गाळ भरत होता आणि रहाटाची मूठ झलमयच्या हातात होती. लढाईचे दिवस होते; डोंगराच्या कडेवरून हेलिकॉप्टर आले. मूठ सुटली, भरलेली टोपली खाली गेली आणि झलमय पळाला. दुपारपर्यंत तो तुतीच्या झाडांत पडून राहिला. परत आला तेव्हा त्याने विहिरीत हाक मारली नाही; ओ आली नाही तर काय, या भीतीने. त्याने विळ्याने दोर कापून खाली सोडला आणि दोर तुटला, असे गावाला सांगितले. त्याच संध्याकाळी गाव सरहद्दीच्या वाटेला लागले. तिसऱ्या दिवशी उंट घेऊन चाललेल्या भटक्यांनी सखीदादला वर काढले. त्याचा बाप नूर आगा याचे दोर त्या खोऱ्यातल्या विहिरी-विहिरींवर होते. त्याने पुन्हा मरेपर्यंत एक पेड वळला नाही. दोर तुटला नव्हता, असे मुलगा शपथेवर सांगे. आपले मन राखायला पोर खोटे बोलते, असे बापाला वाटे.

आज झलमय टोपलीच्या दोरीला धरून उतरला. तळाशी गारठा होता. झलमय गुडघाभर गाळात उभा राहून टोपल्या भरू लागला. दोरीला दोन हिसके दिले की टोपली वर जाई आणि रिकामी होऊन परत येई. वरून एक शब्द येत नव्हता.

दुपारी फावड्याला काहीतरी मऊ अडकले. शेळीच्या केसांचा दोर, काळा, जड, अभंग. त्याचे टोक त्याने पाण्यात धुतले आणि कंदिलाजवळ धरले. सगळे पेड एका रेषेत कापलेले होते, कापणीनंतर शेतात उरलेल्या धसांसारखे.

हाताशी एक खडबडीत दगड होता. दहा-वीस वेळा घासले असते तर टोक विसकटले असते, आणि वरच्यांना तो तुटलेला दोर दिसला असता. झलमयने दगड उचलला. बराच वेळ तो त्याच्या हातात होता.

मग त्याने दोराचे वेटोळे टोपलीत ठेवले, कापलेले टोक सर्वांत वर ठेवले आणि दोन हिसके दिले.

टोपली वर गेली. बऱ्याच वेळाने मिराबाचा आवाज ऐकू आला. “विळ्यानं कापलाय हा,” तो म्हणाला, आणि त्याने नूर आगाच्या नावाने दुआ म्हटली. झलमय टोपलीची वाट पाहत उभा राहिला. ती आली नाही. त्या टोपलीच्या दोरीखेरीज त्याला वर यायला दुसरी वाट नव्हती.

डोक्यावरच्या उजेडाच्या वर्तुळात एक डोके आले.

“दोर अंगावर पडला तेव्हा मी जागा होतो, झलमय.”

“मी हाक मारली नाही,” झलमय म्हणाला. हे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

“ठाऊक आहे. मी वाट बघत होतो.” त्याने हाताने भिंत दाखवली. “डाव्या भिंतीला हात लाव. खोबण्या आहेत. अकरा खणल्या, मग हात चालेना.”

डोके गेले.

झलमयने चाचपून पाहिले. खोबण्या लहान होत्या, तेरा वर्षांच्या पावलाच्या मापाच्या. त्यांत त्याची फक्त बोटे मावत होती. पाठ समोरच्या भिंतीला टेकवून तो चढू लागला. पाचवीला कपडे मातीने काळे झाले होते. आठवीवर नख उलटले. अकरावीवर पाय ठेवून त्याने वर हात नेला, तेव्हा भिंत सपाट होती.

त्या सपाट भिंतीवर त्याच काळ्या दोराचे कापलेले टोक लोंबत होते. अकरावीवरून हात पोचेल तेवढ्यावरच येऊन ते थांबले होते; त्याहून वीतभरही खाली सोडलेले नव्हते.