आठशे मीटर

पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यामागच्या बाभळी दिसत नव्हत्या. म्हणजे सहाशे मीटर. मल्हारीने वहीत सहाशे लिहिलं आणि टॉवरला फोन लावला. वारा नाही, धावपट्टी कोरडी, तापमान साडेतीन, धुकं आणि धूर, व्हिजिबिलिटी सहाशे.

उतरायला आठशे लागते. दिल्लीहून आलेलं विमान पंधरा मिनिटं डोक्यावर घिरट्या घालत होतं.

"मल्हारीदादा," टॉवरमधून रविराज साहेब म्हणाले, "दिवे मला इथून बरे दिसतायत हो. बघा ना जरा, आठशे बसतात का. वर कोण आहे माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं! गेला महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. धोंडीरामअण्णांची वेदिका को-पायलट झाली होती आणि आज पहिल्यांदाच नाशिकला विमान घेऊन येत होती. अर्धा तास थांबून लगेच परत जाणार, घरी पाय लावायलाही सवड नाही. पण लेक उतरताना तरी दिसेल म्हणून तिची आई कुसाबाई उजाडायच्या आत शेजारणींना घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभी होती. मल्हारी त्याच गावचा. इथे हवेच्या नोंदी घेता घेता त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि वेदिकाला त्याने खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं.

"ती आहे म्हणूनच नाही बसवणार साहेब," तो म्हणाला. "सहाशे म्हणजे सहाशे."

साहेबांनी वर सहाशेच कळवलं. माणूस वाईट नव्हता; त्यांनाही ती पोरगी उतरायला हवी होती.

धूर कुठून येतोय हे विचारायचीही गरज नव्हती. थंडी पाचच्या खाली गेली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून इकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पारा घसरणार, जपा, असं काल संध्याकाळी मल्हारीनेच अण्णांना फोन करून सांगितलं होतं. अण्णांची बाग कुंपणाला लागून. पहाटे चारपासून दोन एकरांत चाळीसेक शेकोट्या धुमसत होत्या, आणि वारा नसल्यामुळे सगळा धूर सरपटत येऊन धावपट्टीवर बसला होता.

मल्हारीचा मोबाइल वाजला. अण्णाच होते.

"मल्हारी, इमानाचा नुसता आवाज फिरून राहिलाय रं. उतरत का नाय?"

"व्हिजिबिलिटी नाय अण्णा. वरून धावपट्टी दिसंना."

"धुक्यानं?"

मल्हारी जरा घुटमळला. मग म्हणाला, "धुकं हाय. आन तुमचा धूर हाय."



"किती वेळ थांबंल ती?"

"वीस मिनिटं. मग मुंबईला जाईल."

"मग विझवतो."

"अण्णा, डोकं ठिकाणावर हाय का? साडेतीन डिग्री हाय. ऊन यायला अजून तास जाईल. चार दिवसांवर तोडणी आली तुमची!"

"माल दर सालाला येतो," अण्णा म्हणाले. "पोरगी कुठं दर सालाला येती?"

"बरं, मग माती टाका. पाणी नका मारू अण्णा, ऐकताय ना? पाण्यानं धूर..."

फोन कट झाला होता. मल्हारीने परत लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज मात्र कुंपणापलीकडून इथवर आला. फवारणीच्या टाकीत पाणीच असतं. मल्हारीने कपाळाला हात लावला.

सात मिनिटांनी तो पुन्हा नोंद घ्यायला ऑफिसबाहेरच्या अंगणात आला. टाकी गेली होती. टाकीच्या अलीकडची खोली, तिच्या अलीकडचा वाऱ्याचा झेंडा, तोही गेला होता. बागेच्या बाजूने पांढऱ्या वाफेचे लोटच्या लोट येत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, खोटं लिहावं. फार वाटलं. मग त्याने दोनशे लिहिलं आणि टॉवरला कळवलं.

वरचं बोलणं त्याच्या टेबलावरच्या स्पीकरवर ऐकू यायचं. टॉवरने आकडा सांगितला. कॅप्टनने मुंबईला जातो म्हणून कळवलं. परवानगी, उंची, दिशा, सगळं इंग्रजीत, सगळं झरझर. मग मध्येच वेदिकाचा आवाज आला, मराठीत.

"सर, एक विचारू? धूर आमच्या बागेतला आहे का?"

रविराज साहेबांना असं बोलायची सवय नव्हती. ते अडखळत म्हणाले, "हो. तसंच दिसतंय."

"मग खाली मल्हारीकाका असतील, त्यांना सांगा ना. अण्णांना म्हणावं, माझ्यासाठी शेकोट्या विझवू नका. मी काय, परत येईन. द्राक्षं गेली की गेली."

"सांगतो," साहेब म्हणाले.

सांगायचं काही राहिलं नव्हतं, मल्हारी ऐकतच होता. विमानाचा आवाज सह्याद्रीच्या बाजूला सरकला, बारीक झाला आणि थांबला. थर्मामीटर अजून साडेतीनवरच होता.

त्याने अण्णांना फोन लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उचलला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता, आणि अण्णांना इतकी धाप लागली होती की पहिले चार शब्द कळलेच नाहीत.

"मल्हारी! झालं बघ," अण्णा ओरडून म्हणाले. "एक बी नाय ठेवली, साऱ्या विझवल्या. सांग तिला, उतर म्हणावं आता."